अंगरक्षकाचे काम : नव्याने येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

पोलीस भरतीत थोडक्यात राहून गेलेले तरुण, सैन्यातील पंधरा-सतरा वर्षांची सेवा संपवून गावी परतलेले जवान आणि तालमीत किंवा व्यायामशाळेत शरीर कमावलेले पैलवान अशा तीन वाटांनी महाराष्ट्रातील बरीच माणसे खासगी अंगरक्षकाच्या कामाकडे वळतात. तिघांकडेही या कामाला उपयोगी पडणारे काहीतरी असते आणि तिघांनाही काहीतरी विसरावे लागते. भरतीची तयारी केलेल्याला कायद्याची थोडी ओळख असते, पण पोलिसाचा अधिकार त्याच्याकडे नसतो. जवानाला शस्त्र आणि शिस्त ठाऊक असते, पण समोरच्यावर चाल करून जाण्याची सवय त्याला येथे मोडावी लागते. पैलवानाला अंगावर येणाऱ्याची भीती वाटत नाही, पण या कामात अंगावर येणारा माणूस क्वचितच भेटतो. उद्योजक, कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी, बांधकाम व्यावसायिक किंवा कलाकार यांच्यासोबत काम करू इच्छिणाऱ्यांनी कोठून आणि कशी सुरुवात करावी, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : काम कशाचे आहे ते ओळखणे

बाउन्सर, सुरक्षारक्षक, गनमॅन आणि अंगरक्षक हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु ही कामे वेगळी आहेत. बाउन्सर एखाद्या दाराची किंवा व्यासपीठाची शिस्त राखतो, सुरक्षारक्षक जागा राखतो आणि गनमॅनकडून शस्त्रासह सोबत राहण्यापलीकडे सहसा अपेक्षा नसते. अंगरक्षक एका माणसाची जबाबदारी घेतो आणि तो माणूस जेथे जाईल तेथे ती जबाबदारी सोबत जाते. ज्याचे रक्षण करायचे त्या व्यक्तीला या व्यवसायात ‘प्रिन्सिपल’ किंवा ‘व्हीआयपी’ म्हणतात आणि प्रत्यक्ष बोलताना ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’. या लेखात सोयीसाठी ‘साहेब’ हाच शब्द वापरला आहे.

या कामाचा गाभा समजण्यासाठी ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमधील हिल्टन हॉटेलबाहेर अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर झालेला हल्ला पुन्हापुन्हा अभ्यासावा, असे मी प्रत्येक नवोदिताला सांगतो. हल्लेखोराने दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या. काही सेकंदांतच जेरी पार या अधिकाऱ्याने रेगन यांना मोटारीत ढकलले, टिम मॅकार्थी या अधिकाऱ्याने हल्लेखोराच्या दिशेने वळून स्वतःच्या पोटात गोळी घेतली आणि मोटार निघाली. अध्यक्षांच्या रक्षकांपैकी एकानेही गोळी झाडली नाही. मोटार व्हाइट हाउसकडे निघाली होती, परंतु रेगन यांच्या ओठांवर फेसाळ, लालभडक रक्त दिसताच फुप्फुसाला इजा झाली असणार हे पार यांनी ओळखले आणि मोटार जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रुग्णालयाकडे वळवली. त्या निर्णयाने रेगन वाचले. ढाल होणे, तेथून हलवणे आणि योग्य रुग्णालय गाठणे ही तिन्ही कामे त्या काही मिनिटांत दिसतात.

याच्या उलट उदाहरण ८ जुलै २०२२ रोजी जपानमधील नारा शहरात घडले. माजी पंतप्रधान शिंझो आबे रस्त्यालगत भाषण करत असताना हल्लेखोर त्यांच्या पाठीमागच्या मोकळ्या बाजूने चालत आला. पहिला बार चुकला आणि दुसरा बार होईपर्यंत सुमारे अडीच सेकंद मिळाले, परंतु त्या अडीच सेकंदांत आबे यांना खाली पाडणारे किंवा झाकणारे कोणी पुरेसे जवळ नव्हते. पाठीमागची बाजू कोणाच्या नजरेत आहे, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी उभे राहिल्याबरोबर स्वतःला विचारण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी.

दुसरी पायरी : कायदेशीर पात्रता मिळवणे

भारतात व्यक्तीचे किंवा मालमत्तेचे खासगी संरक्षण पुरवणाऱ्या संस्थांना ‘खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५’ लागू होतो. या क्षेत्रात त्याला ‘पसारा’ म्हणतात. संस्थेकडे राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याचा परवाना असावा लागतो. रक्षकाचे वय १८ वर्षे पूर्ण आणि ६५ पेक्षा कमी असावे, त्याच्या चारित्र्याची पडताळणी झालेली असावी आणि त्याने विहित प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे. केंद्राच्या आदर्श नियमांत हे प्रशिक्षण वर्गातील १०० तास आणि मैदानावरील ६० तास असे असून ते किमान २० कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायचे असते. माजी सैनिक आणि माजी पोलीस या दोघांसाठी ते वर्गातील ४० आणि मैदानावरील १६ तासांचे आहे. उंची पुरुषांसाठी किमान १६० सेंटिमीटर आणि महिलांसाठी १५० सेंटिमीटर, तसेच सहा मिनिटांत एक किलोमीटर धावता येणे, असे शारीरिक निकषही त्यांत आहेत. रुबाबदार सहा फुटी देह ही कायद्याची अट नाही, आणि माझ्या मते गुणवत्तेची खूणही नाही.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी संस्थेच्या परवान्याची प्रत आणि त्याची मुदत पाहावी, रुजू होताच छायाचित्र असलेले ओळखपत्र मागून घ्यावे आणि नेमणूकपत्राशिवाय एक दिवसही काम करू नये. सैन्याच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख घालणे हा या कायद्याखाली गुन्हा असून त्यासाठी रक्षक आणि संस्थाचालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सफारी किंवा साधा गडद सूट पुरेसा असतो.

वर सांगितलेले विहित प्रशिक्षण सर्व प्रकारच्या रक्षकांसाठी समान आहे. अंगरक्षणाचे खास शिक्षण वेगळे घ्यावे लागते. असा अभ्यासक्रम निवडताना त्यात प्रथमोपचाराला, वाहनाभोवतीच्या हालचालींना आणि आगाऊ पाहणीला किती दिवस दिले आहेत हे विचारावे. सगळा वेळ नेमबाजी आणि कराटे यांवर खर्च होणार असेल, तर ते पैसे वाचवलेले बरे.

तिसरी पायरी : बळ आणि शस्त्र यांच्या मर्यादा पाठ करणे

खासगी अंगरक्षकाला सामान्य नागरिकापेक्षा अधिक अधिकार नसतात. त्याचा खरा आधार म्हणजे भारतीय न्याय संहितेतील खासगी संरक्षणाचा हक्क. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेतील कलम ३४ ते ४४ मध्ये तो आहे आणि कलम ३५ नुसार तो दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही वापरता येतो. मात्र कलम ३७ प्रमाणे बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. हल्लेखोर पळू लागला, धोका संपला आणि तरीही त्याला मारहाण केली, तर तेथून पुढे आरोपी तुम्ही असता. सेल्फीसाठी पुढे आलेल्या मुलाला ढकलून पाडणे याला तर बचावाचे नावही देता येत नाही. आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक म्हणून पकडता येते, परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला विनाविलंब, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते.

शस्त्राच्या बाबतीत १९५९ चा शस्त्र अधिनियम पाहावा. परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे त्यावरच लिहिलेले असते. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन गोव्याला साहेबांसोबत जाणारा अंगरक्षक स्वतः गुन्हा करत असतो. साहेबांच्या नावावरील पिस्तूल ‘जरा तुझ्याकडे ठेव’ असे सांगून दिले जाते तेव्हा आपले नाव परवान्यावर रिटेनर म्हणून, म्हणजे मालकाच्या वतीने शस्त्र बाळगण्याची मुभा असलेला माणूस म्हणून, नोंदलेले आहे काय, हे पाहिल्याशिवाय ते हातात घेऊ नये. निवडणुकीच्या काळात परवानाधारक शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, न्यायालयात शस्त्र नेता येत नाही आणि विमानाच्या केबिनमध्ये तर नाहीच, म्हणून वर्षातील कित्येक दिवस शस्त्राविना काम करण्याची तयारी ठेवावीच लागते. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. यजमानांनी कितीही आग्रह केला तरी नकार द्यावा.

चौथी पायरी : माणसाची आणि त्याच्या सवयींची ओळख

कामावर रुजू झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस केवळ माहिती गोळा करण्यात घालवावेत. साहेबांचा रक्तगट, चालू औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, मधुमेह किंवा हृदयविकार आहे काय, त्यांचे डॉक्टर कोण, घरात कोण राहते, मुले कोणत्या शाळेत कशी जातात, घरकामाला येणारी माणसे कोण, पूर्वी कधी धमकी आली होती काय आणि व्यवसायात किंवा भाऊबंदकीत कोणाशी वाद चालू आहे, हे सर्व टिपून ठेवावे आणि ते टिपण कुलुपात ठेवावे. धमकी आली असेल तर तिची नोंद पोलिसांकडे झाली आहे याची खात्री करावी. ज्यांना पोलीस संरक्षण मिळालेले असते त्यांच्याबाबत पोलिसांचा शब्द अंतिम समजून त्यांच्या रचनेत आपली जागा विचारून घ्यावी.

यानंतर साहेबांचे ठरलेले मार्ग आणि वेळा काढाव्यात, कारण हल्ला करणाऱ्याला सर्वांत आधी त्यांचीच गरज असते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत गुलशन कुमार यांची हत्या झाली ती ते नेमाने जात असलेल्या मंदिराबाहेर. ४ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका मोठ्या आरोग्यविमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन सकाळी हॉटेलकडे एकटेच पायी निघाले होते आणि हल्लेखोर पाठीमागून आला. गुंतवणूकदारांची सभा तेथे आहे हे आधीपासून जाहीर होते. सवय मोडा असे साहेबांना सांगून ते ऐकतील अशी आशा धरू नये. त्याऐवजी निघण्याची वेळ वीस मिनिटांनी मागेपुढे करणे, दर्शनासाठी दुसरे दार वापरणे, सकाळच्या फेरीची दिशा बदलणे असे छोटे बदल सुचवावेत, म्हणजे ते बहुधा मान्य होतात.

पाचवी पायरी : आगाऊ पाहणी

नवोदिताने सर्वाधिक वेळ ज्यावर द्यावा असे काम हे आहे. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण आपल्या तोंडात आहे आणि जिवा महालांचा तो वार आपण विसरत नाही, पण १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीत अफजलखानाला वाईहून जावळीच्या खोऱ्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी यावे लागले होते, आणि दोन्ही बाजूंनी किती माणसे आणायची हेही आधीच्या बोलण्यांत ठरले होते. जागा आपल्या बाजूची होती, म्हणून त्या वाराला अर्थ आला.

एक साधा दिवस उदाहरणादाखल घेऊ. साहेब पुण्यात प्रभात रस्त्यावर राहतात. गणेशोत्सवाचे दिवस आहेत. सकाळी अकरा वाजता वांद्रे-कुर्ला संकुलात बैठक आहे, दुपारी लालबागला दर्शन आहे आणि रात्री परत यायचे आहे. आदल्या दिवशी अंगरक्षकाने किंवा त्याच्या जोडीदाराने तीच वाट, त्याच वेळी, स्वतः गाडीने करून पाहावी. द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा आहे. घाटात वाहतूक अडली तर जुन्या महामार्गाने लोणावळ्याकडून कोठे उतरता येते, बोगद्यांत फोनचे नेटवर्क कोठे जाते, इंधनासाठी आणि स्वच्छतागृहासाठी कोठे थांबायचे, हे लिहून काढावे. प्रत्येक टप्प्याजवळचे चोवीस तास अपघातग्रस्तांना घेणारे रुग्णालय आधी शोधावे : घाट उतरल्यावर कामोठ्याचे, संकुलाजवळ शीवचे महापालिका रुग्णालय, लालबागजवळ परळचे केईएम. नकाशावर पाहणे पुरेसे नसते. अपघात विभागाचे दार कोणत्या रस्त्यावर आहे आणि रुग्णवाहिकेशिवाय आलेली मोटार तेथपर्यंत सोडतात काय, हे उतरून विचारावे लागते.

बैठकीच्या इमारतीत तळघरातील वाहनतळ, मुख्य दार, मालाचे दार, उद्वाहन आणि जिना यांची पाहणी करावी. उद्वाहन बंद पडले तर त्या मजल्यावरून खाली यायला किती मिनिटे लागतात हे चालून मोजावे. बैठकीच्या खोलीचे दार आतल्या बाजूला उघडते की बाहेरच्या, शेजारी रिकामी खोली आहे काय, जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप घालण्याची तेथील पद्धत आहे काय, स्वच्छतागृह कोठे आहे, इमारतीच्या सुरक्षाप्रमुखांचे नाव आणि नंबर काय, हे सर्व एका कागदावर उतरवावे. त्या सुरक्षाप्रमुखांशी नम्रपणे बोललेली दहा मिनिटे दुसऱ्या दिवशी हमखास उपयोगी पडतात, आणि दादागिरीने बोललेले एक वाक्य तितकेच नडते.

सहावी पायरी : मोटारीभोवतीची शिस्त

गाडीत चढताना आणि उतरताना माणूस सर्वांत उघडा असतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून अंगरक्षकाने पुढे डावीकडे आणि साहेबांनी मागे डावीकडे बसावे. गाडी पदपथाला लागताच आधी अंगरक्षक उतरतो, एकदा चौफेर पाहतो आणि मगच मागचे दार उघडतो. दार उघडल्यावर साहेब पूर्ण उतरेपर्यंत फोनला हात लावू नये. गाडी नेहमी बाहेरच्या दिशेला तोंड करून उभी करावी, चालकाने ती सोडून जाऊ नये, इंधन अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नये आणि दारे आतून बंद असावीत. सिग्नलवर पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील इतके अंतर राखले, तर गाडी मागे न घेता बाजूने काढता येते.

चालक हा या कामातील अर्धा माणूस आहे, असे मी मानतो. त्याला पर्यायी मार्ग, रुग्णालये आणि धोक्याच्या वेळी वापरायचे ठरलेले शब्द माहीत नसतील, तर अंगरक्षकाची सगळी तयारी गाडीच्या दाराशी संपते. काचांवर काळ्या फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली आहे आणि खासगी ताफ्याला लाल दिवा किंवा सायरन वापरता येत नाही. सुरक्षेचे कारण सांगून ते लावण्याचा आग्रह झाला तर कायदा दाखवून नाही म्हणावे.

सातवी पायरी : चालताना आणि गर्दीत

एकटा अंगरक्षक साहेबांच्या एक पाऊल मागे आणि एका बाजूला, हात पोहोचेल इतक्या अंतरावर चालतो. दोघे असतील तर एक पुढे जाऊन दार आणि वळण पाहतो. नजर चेहऱ्यांपेक्षा हातांवर ठेवावी, कारण इजा हातांनी होते : खिशातला हात, पिशवीखालचा हात, उकाड्यातही अंगावर असलेल्या जाड कपड्यात शिरणारा हात. सगळे साहेबांकडे पाहत असताना जो मनुष्य अंगरक्षकांकडे पाहतो त्याची आपण नोंद घ्यावी.

आपल्या समाजात हार घालणे, पाया पडणे, शाल पांघरणे आणि पेढा भरवणे हे आदराचे व्यवहार आहेत आणि त्या सर्वांत अनोळखी हात थेट शरीरापर्यंत येतो. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदुर येथे राजीव गांधी यांना हार घालून पाया पडण्यासाठी वाकलेल्या स्त्रीनेच स्फोट घडवला, हे विसरता येत नाही. म्हणून आयोजकांशी आधी बोलून हार घालणाऱ्यांची नावे ठरवून घ्यावीत, हार आधी एका टेबलावर जमा करावेत आणि त्या वेळी साहेबांच्या कोपराशी उभे राहावे. लालबागसारख्या ठिकाणी आणखी एक साधी अडचण येते : दर्शनासाठी सगळे चपला काढतात. अनवाणी अंगरक्षकाला ओल्या फरशीवर पळता येत नाही, आणि परतीच्या वेळी साहेबांचे जोडे शोधण्यात पाच मिनिटे उघड्यावर जातात. एका जोडीदाराने पादत्राणांसह बाहेर थांबून परतीची वाट मोकळी ठेवावी. सणासुदीला फटाक्यांच्या आवाजात गोळीचा आवाज ओळखू येत नाही. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या रात्री, वांद्रे पूर्वेला बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हाही आजूबाजूला फटाके वाजत होते. अशा वेळी कानांवर विसंबू नये.

महिला अंगरक्षकांची गरज येथे विशेष जाणवते. मॅडमसोबत स्वच्छतागृहापर्यंत किंवा कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंत जाणे, महिलांच्या गर्दीत शिरून वाट काढणे, लहान मुलांना शाळेत सोडणे ही कामे त्या सहज करतात आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलींनी स्वतःला दुय्यम समजू नये.

आठवी पायरी : प्रसंग ओढवल्यास

क्रम तीन शब्दांचा आहे : ओरडा, झाका, हलवा. धोका दिसताच त्याची दिशा मोठ्याने सांगावी, साहेबांना कमरेतून वाकवून आपल्या शरीराने झाकावे आणि धोक्यापासून दूर, आधी ठरवलेल्या दाराकडे किंवा गाडीकडे न्यावे. हल्लेखोराशी झुंजायला थांबलेला एकटा अंगरक्षक साहेबांना उघड्यावर सोडत असतो. हा क्रम चालकासह दर आठवड्याला प्रत्यक्ष करून पाहिला, तरच तो आयत्या वेळी आठवतो.

तरीही, वर्षानुवर्षांच्या सेवेत गोळीपेक्षा हृदयविकाराचा झटका, जिन्यावरून पडणे, घशात घास अडकणे आणि रस्त्यावरचा अपघात हेच प्रसंग येण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देणे, वाहणाऱ्या जखमेवर घट्ट दाब धरून ठेवणे, हातापायाच्या मोठ्या रक्तस्रावासाठी टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा आवळपट्टा) बांधून वेळ लिहिणे आणि १०८ किंवा ११२ ला नेमके ठिकाण सांगणे, हे दरवर्षी प्रशिक्षकासमोर पुन्हा करून पाहावे. गाडीत प्रथमोपचाराची पिशवी कोठे आहे हे चालकालाही माहीत असावे.

नववी पायरी : वागणूक, गुप्तता आणि स्वतःचे हित

गाडीत ऐकलेले बोलणे गाडीतच राहिले पाहिजे. साहेबांसोबतचे छायाचित्र, विमानतळाचे ठिकाण किंवा ‘आज अमुक शहरात ड्युटी’ एवढा मजकूरही समाजमाध्यमावर टाकू नये. घरच्यांनाही तारीख आणि ठिकाण सांगू नये. पिशव्या उचलणे, छत्री धरणे, भाजी आणणे अशी कामे सांगितली गेली तर हात मोकळे असणे हेच आपले काम असल्याचे पहिल्याच दिवशी, आदराने पण स्पष्ट शब्दांत सांगावे. नंतर ते सांगणे अवघड जाते.

पगार ठरवताना कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, बाहेरगावचा भत्ता, भविष्यनिर्वाह निधी आणि अपघात विमा हे लेखी घ्यावे. सोळा तास उभा असलेला माणूस पाहतो, पण त्याला दिसत नाही. म्हणून बदली माणूस मागणे हा साहेबांच्या सुरक्षेचाच भाग आहे आणि तो मागताना संकोच करू नये. बदली माणूस आल्यावर त्याला तोंडी सांगून निघून जाऊ नये. दिवसभरात दोनदा दिसलेली गाडी आणि तिचा क्रमांक, दारावर येऊन गेलेली अनोळखी व्यक्ती, साहेबांनी घेतलेली औषधे, उद्याचा बदललेला कार्यक्रम, किल्ल्या आणि शस्त्र कोणाच्या ताब्यात आहे, हे रोजच्या वहीत लिहून त्याच्याकडून वाचून घ्यावे, त्याची सही घ्यावी आणि मगच घरी जावे.